क्लॅरेन्स सॉण्डर्स: आपल्याला टोपली हातात घ्यायला लावणारा माणूस आणि घरपोच किराण्याचं गणित



मोबाईलवर किराण्याची यादी टाकली की सामान घरी येतं. पण मधे नेमकं काय घडतं? मी नाशिकला राहतो. आमच्या सोसायटीतल्या काका-मावशींपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. कुणी म्हणतं, एवढ्या कमी पैशात घरी आणून देतात, तर यांना परवडतं कसं? कुणी म्हणतं, ॲपवर माल दिसत होता, मग पैसे भरल्यावर तो संपला कसा?

या प्रश्नांची उत्तरं मी आज एका माणसाच्या आयुष्यातून देणार आहे. त्याचं नाव क्लॅरेन्स सॉण्डर्स. हा अमेरिकन माणूस १९५३ साली वारला. मोबाईल सोडाच, दुकानात बारकोड वाचणारं यंत्रही त्यानं पाहिलं नाही. पण आपण सुपरमार्केटमध्ये शिरतो, स्वतः माल उचलतो आणि दाराशी पैसे भरतो, ती पद्धत त्यानं रूढ केली. ती आणताना त्यानं घरपोच सामान देणं बंद केलं. आणि गंमत बघा, आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत तोच माणूस एका अशा यंत्राच्या मागे लागला, ज्याची आजची रूपं ऑनलाइन किराण्याच्या मोठ्या गोदामांत चालतात.

आधी दुकान कसं चालायचं?

१९०० च्या सुमाराचं अमेरिकेतलं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणायचं असेल, तर आपल्याकडचं जुनं वाण्याचं दुकान आठवा. पुढे काउंटर, मागे पोती, डबे आणि बरण्या. गिऱ्हाईक यादी सांगणार. नोकर एकेक जिन्नस काढणार, तोलणार, कागदात बांधणार. पैसे बहुतेक वेळा वहीत लिहायचे आणि महिन्याच्या शेवटी घ्यायचे. मोठी यादी असेल तर दुकानाचा पोऱ्या सामान घरी नेऊन टाकणार. पुढे टेलिफोन आला तशा फोनवरूनही याद्या यायला लागल्या. म्हणजे घरपोच किराणा ही काही मोबाईलची देणगी नाही. तीच जुनी रीत होती.

माझ्या मामांचं पंचवटीत किराणा दुकान होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गल्ल्याशेजारी बसायचो. महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे नुसती झुंबड. एक बाई यादी वाचतेय, दुसरी पिशवी पुढे करतेय, मागून कुणीतरी पावशेर रवा मागतंय. मामांचा दिवस माल विकण्यात कमी आणि काढून देण्यात जास्त जायचा. एका यादीला वीस मिनिटं लागली की मागची दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात. सॉण्डर्सनं नेमकी हीच गोष्ट पाहिली होती.

गरिबीतून विक्रेत्यापर्यंत

क्लॅरेन्सचा जन्म ९ ऑगस्ट १८८१ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या ॲमहर्स्ट काउंटीतला. घरची परिस्थिती बेताची. आई लहानपणीच गेली. पुढे कुटुंब टेनेसी राज्यातल्या पामायरा या गावी आलं. चौदाव्या वर्षी त्यानं शाळा सोडली आणि गावच्या दुकानात नोकरीला लागला. मधे कोळशाच्या कोक कारखान्यात आणि लाकडाच्या वखारीत काम केलं, पण फिरून किराण्याकडेच आला. विशीच्या आत तो एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे होता. नंतर मेम्फिस शहरात येऊन घाऊक मालाचा विक्रेता म्हणून गावोगाव फिरू लागला.

या फिरतीत त्याचं खरं शिक्षण झालं. शंभर दुकानांचे काउंटर बाहेरून पाहिल्यावर त्याला दिसलं, की बरीच दुकानं माल महाग घेतल्यामुळे बुडत नाहीत. ती तीन गोष्टींनी बुडतात. पहिली म्हणजे उधारी. दुसरी म्हणजे माल काढून देणाऱ्या नोकरांचा पगार. हे नोकर गर्दीच्या वेळी अपुरे पडतात आणि दुपारी रिकामे बसतात. तिसरी गोष्ट म्हणजे घरपोच सेवा. या तिन्हींचा खर्च शेवटी साखरेच्या आणि पिठाच्या भावात मिसळतो. जो गिऱ्हाईक रोख देतो आणि स्वतः पिशवी उचलून नेतो, त्यालाही हा खर्च भरावा लागतो.

१९१५ च्या सुमारास त्यानं भागीदारीत स्वतःची घाऊक पेढी काढली. तिथे फक्त रोखीचा व्यवहार. आपल्याकडून माल नेणाऱ्या दुकानदारांनीही रोखीनंच विकावं, असा त्याचा आग्रह असे. उधारी आणि घरपोच सेवा बंद करून स्वस्त विकण्याची कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. ए अँड पी या मोठ्या साखळीनं १९१२ पासून तशी दुकानं काढली होती. पण तिथेही काउंटरमागे नोकर होताच. सॉण्डर्सनं पुढचं पाऊल टाकलं आणि नोकरालाच काढलं.

१९१६: पिगली विगली

सप्टेंबर १९१६ मध्ये मेम्फिसच्या ७९, जेफरसन ॲव्हेन्यू या पत्त्यावर त्याचं पहिलं दुकान उघडलं. नाव विचित्र होतं, पिगली विगली. या नावाचा अर्थ त्यानं कधी नीट सांगितला नाही. लोकांनी नावाबद्दल विचारत राहावं, एवढाच त्याचा हिशोब असावा.

दुकानाची रचना समजून घ्या, कारण पुढे घरपोच किराण्यात ती पुन्हा भेटणार आहे. दारात फिरतं फाटक. आत शिरलं की हातात टोपली. मग एकच वाट, एकाच दिशेनं जाणारी, नागमोडी. दोन्ही बाजूंना मालाचे कप्पे. सगळ्या मालासमोरून गेल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. शेवटी गल्ला, तिथे बेरीज आणि पैसे, मग बाहेर. वरच्या बाजूला सज्जे होते. तिथून देखरेख करता यायची आणि खाली गिऱ्हाइकाला अडथळा होत नसे. मागच्या बाजूला मालाची कोठी.

या रचनेचं त्यानं पेटंट घेतलं. अर्ज ऑक्टोबर १९१६ चा, मंजुरी ९ ऑक्टोबर १९१७ ची, क्रमांक १२,४२,८७२. पेटंट कसलं, तर माल विकण्याच्या वाटेचं! आपण याला आज लेआउट म्हणतो.

परिणाम लगेच दिसला. तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त गिऱ्हाइकं बाहेर पडू लागली आणि भाव खाली आले. पण आणखी एक मोठा बदल झाला. आधी नोकर सांगेल तो साबण घरी जायचा. आता डब्यालाच स्वतःची जाहिरात करावी लागली. सुट्या मालाची जागा बंद पाकिटांनी घेतली. वेष्टन, ब्रँडचं नाव, डोळ्यांसमोरच्या कप्प्यात जागा मिळवण्याची कंपन्यांची धडपड, या सगळ्याला त्या नागमोडी वाटेनं मोठा जोर दिला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. काम नाहीसं झालं नव्हतं. माल काढायचं आणि घरी न्यायचं काम दुकानाकडून गिऱ्हाइकाकडे सरकलं, एवढंच. गिऱ्हाईक ते फुकट करू लागलं आणि बदल्यात त्याला स्वस्त माल मिळाला. सॉण्डर्सचा हा सौदा जगभर पसरला. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या नायगावात १९४८ साली सुरू झालेला अपना बाजार पुढे मोठा झाला. २००२ साली पवईला डीमार्टचं पहिलं दुकान निघालं. आज आपण नाशिकमध्ये रविवारी सुपरमार्केटच्या रांगेत उभे राहतो, तेव्हा १९१६ चाच सौदा पाळत असतो.

शेअर बाजारातली लढाई

सॉण्डर्सनं इतरांना परवाना देऊन दुकानं वाढवली. कप्पे, फाटकं, गल्ले हे सामान त्याच्याकडूनच घ्यायचं, म्हणजे प्रत्येक दुकान सारखंच दिसणार. १९२२ पर्यंत जवळपास बाराशे दुकानं झाली. कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात होते. मेम्फिसमध्ये त्यानं गुलाबी संगमरवराचा प्रचंड वाडा बांधायला घेतला.

मग त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्क भागातली काही दुकानं बुडाली. ती त्याची स्वतःची नव्हती, परवाना घेतलेल्या दुसऱ्या लोकांची होती. पण सटोडियांना निमित्त मिळालं. त्यांनी हाती नसलेले शेअर उसने घेऊन विकायला सुरुवात केली. भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे आणि मधला फरक खिशात टाकायचा, असा हा खेळ. सॉण्डर्स चिडला. त्यानं सुमारे एक कोटी डॉलरचं कर्ज काढलं आणि बाजारातला मिळेल तो शेअर उचलायला लागला.

२० मार्च १९२३ ला त्यानं फास ओढला. विकलेले शेअर आणून द्या, अशी मागणी केली. पण दोन लाखांपैकी जवळपास सगळे शेअर त्याच्याच ताब्यात होते. विकणाऱ्यांना आणायचे कुठून? भाव १२४ डॉलरवर गेला. तेवढ्यात शेअर बाजारानंच व्यवहार थांबवले आणि अडकलेल्यांना मुदत वाढवून दिली. त्या वाढीव वेळात त्यांनी इकडून तिकडून शेअर गोळा केले आणि फास सुटला. सॉण्डर्सच्या हातात शेअरचा डोंगर राहिला, पण तो विकायला बाजार नव्हता. डोक्यावर कर्ज होतंच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं. वाडा गेला. त्यात तो एक दिवसही राहिला नव्हता. पुढे शहरानं त्याचं संग्रहालय केलं आणि आज तिथे पहिल्या पिगली विगली दुकानाची प्रतिकृती पाहायला मिळते. १९२४ मध्ये तो रीतसर दिवाळखोर झाला. कंपनी मात्र टिकली आणि त्याच्याशिवाय वाढत राहिली.

त्यानं हाय खाल्ली नाही. पुन्हा दुकानांची नवी साखळी काढली. तिच्या नावातच त्यानं जाहीर केलं, की क्लॅरेन्स सॉण्डर्स या नावाचा एकमेव मालक मीच आहे. ही साखळीही चांगली चालली. पण १९२९ नंतरच्या महामंदीत तीही १९३० ला बुडाली. दोनदा श्रीमंत आणि दोनदा कफल्लक. वय एकोणपन्नास.

कीडूझल: यंत्रानं माल काढणारं दुकान

आता तो भाग येतो, ज्यासाठी मी ही गोष्ट निवडली. दुसरा कुणी असता तर तिसऱ्यांदा साधं दुकान काढून बसला असता. सॉण्डर्सनं उलटा विचार केला. आपण नोकराचं काम गिऱ्हाइकावर टाकलं. पण ते काम गिऱ्हाइकानं तरी का करावं? यंत्रानं का करू नये?

१९३७ मध्ये मेम्फिसला त्यानं कीडूझल नावाचं दुकान उघडलं. किल्ली सगळं करते, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून ओढूनताणून केलेलं हे नाव. दारात गिऱ्हाइकाला एक किल्ली मिळायची. काचेमागे प्रत्येक मालाचा एकच नमुना मांडलेला. टोपली नाही, ओझं नाही. जो जिन्नस हवा त्याच्या शेजारच्या छिद्रात किल्ली घालायची, की निवड नोंदली जायची. भिंतीमागे गोदाम. विजेच्या मंडलांनी तिथल्या कप्प्यांतून वस्तू सुटायच्या, सरकत्या पट्ट्यावर पडायच्या आणि गल्ल्यापाशी एकत्र यायच्या. गिऱ्हाईक पैसे भरेपर्यंत सामान हजर!

जरा थांबून बघा. काचेमागचा नमुना म्हणजे आजचा ॲपवरचा फोटो. किल्ली म्हणजे तुमचं लॉगिन. छिद्रात किल्ली घालणं म्हणजे कार्टमध्ये टाकणं. भिंतीमागचं गोदाम म्हणजे आजचं डार्क स्टोअर, जिथे गिऱ्हाईक कधी पाय ठेवत नाही. नमुना पाहायची जागा आणि माल ठेवायची जागा वेगळी करण्याची ही कल्पना त्यानं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी विटा-लोखंडात उभी केली होती.

मग चाललं का नाही? कारणं आजही शिकण्यासारखी आहेत. निवांत वेळी यंत्र छान चालायचं. पण संध्याकाळी गर्दी झाली की मंडलांवर ताण यायचा. एकाच पट्ट्यावर अनेकांचा माल यायचा आणि एकाची कॉफी दुसऱ्याच्या खोक्यात जायची. सतत दुरुस्ती लागायची, त्यामुळे नोकरांचा जो पगार वाचला तो तंत्रज्ञांवर गेला. सॉण्डर्सनं हार मानली नाही. बंद करून, सुधारून पुन्हा उघडलं. १९४८ मध्ये तिसरी आवृत्ती आणली. १९४९ मध्ये तीही बंद पडली. दरम्यान बाकीच्या जगानं सोपा उपाय शोधला होता. १९३७ मध्येच ओक्लाहोमात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं टोपलीला चाकं लावली होती. ट्रॉली स्वस्त होती आणि ती बिघडत नव्हती.

शेवटच्या काळात तो फूडइलेक्ट्रिक नावाच्या नव्या दुकानाच्या तयारीत होता. त्यात गिऱ्हाइकानं बेरीजही स्वतःच्या हातातल्या यंत्रावर करायची, म्हणजे गल्ल्यावरचा माणूसही कमी. ते दुकान उघडायच्या आधीच १४ ऑक्टोबर १९५३ ला मेम्फिसमध्ये त्याचं निधन झालं. वय ७२.

आज सामान घरी कसं येतं?

सॉण्डर्स गेला, पण त्याच्यासमोरचे प्रश्न तसेच राहिले. मे १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथे ७२ वर्षांच्या एका आजींनी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरून टेस्को दुकानाकडे ऑर्डर दिली. त्यात मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी होती. यादी तारेवरून गेली, पण माल मात्र दुकानातल्या माणसानं हातानं काढला. आज नाशिकमध्येही गाभा तोच आहे. पायऱ्या अशा:

१. साठ्याची नोंद. ॲपवर दिसतो तो माल नसतो, मालाची नोंद असते. माल आला की वाढवायची, विकला की कमी करायची. ऑर्डर जर चालू दुकानातूनच भरली जात असेल, तर शेवटचं पाकीट तुम्ही ॲपवर निवडता त्याच वेळी दुसरं कुणी ते ट्रॉलीत टाकून गल्ल्याकडे निघालेलं असतं. बिल होईपर्यंत संगणकाला ते कळत नाही. फुटलेल्या बाटल्या आणि चुकीच्या कप्प्यात ठेवलेली पाकिटंही नोंदीत शिल्लकच दिसतात. माल दिसतो पण मिळत नाही, त्याचं मुख्य कारण हे.

२. माल काढणं. याला पिकिंग म्हणतात. सुपरमार्केटमध्ये हातात मोबाईल घेऊन ट्रॉली भराभर भरणारी मुलं दिसली तर समजा, ती दुसऱ्याच्या घरची खरेदी करतायत. सॉफ्टवेअर त्यांना यादी तुमच्या क्रमानं दाखवत नाही. कप्प्यांच्या क्रमानं दाखवतं, म्हणजे एकाच फेरीत, मागे न फिरता सगळं गोळा होतं. ही सॉण्डर्सचीच एकेरी वाट. फक्त त्याच्या वाटेचा उद्देश जास्त माल दाखवणं हा होता आणि इथे उद्देश कमी पावलं टाकणं हा आहे. डार्क स्टोअरमध्ये तर जास्त खपणारा माल बांधणीच्या टेबलाजवळच ठेवतात. प्रत्येक वस्तू काढल्यावर बारकोड स्कॅन होतो. कीडूझलमध्ये जी सरमिसळ व्हायची, ती थांबवणारी साधी युक्ती ही.

३. बदली माल. हवा तो ब्रँड नसेल तर काय द्यायचं? मला एकदा तुरीच्या डाळीऐवजी मसूर आली होती. यंत्राच्या लेखी दोन्ही डाळीच. पण आमच्या घरी वरण काही मसुरीचं होत नाही. मामांच्या दुकानात कुणाच्या घरी कुठला तांदूळ जातो हे त्यांना तोंडपाठ असायचं. ॲपला ते तुमच्या जुन्या ऑर्डरवरून शिकावं लागतं. म्हणून ऑर्डर देताना बदली माल नको असा पर्याय असेल, तर तो नीट बघून घ्या.

४. बांधणी. कोरडा किराणा, भाजी आणि थंड माल वेगवेगळा. दूध, दही आणि आइस्क्रीम शेवटी काढतात, म्हणजे बाहेरचा वेळ कमी. भाजी सुटी असेल तर वजनात थोडा फरक पडतो आणि बिल त्याप्रमाणे बदलतं.

५. वेळ आणि वाट. आता सगळ्यात महाग टप्पा. समजा एका गाडीत १० घरांचं सामान आहे. कोणत्या क्रमानं जायचं याचे ३६ लाखांहून जास्त पर्याय होतात. १२ घरं झाली तर जवळपास ४८ कोटी. सगळे तपासत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअर चांगला अंदाज काढतं आणि तो सुधारत जातं. त्यात नकाशावरचं सरळ अंतर कामाचं नाही. गोदावरीच्या एका काठावरून समोरचं पंचवटीतलं घर डोळ्यांना दिसतं, पण गाडीला पुलावरूनच जावं लागतं. द्वारका चौकातली संध्याकाळची कोंडी तर विचारूच नका. म्हणून काही सेवा तुम्हाला दोन-तीन तासांचा स्लॉट देतात. स्लॉट जितका मोठा, तितकी जवळची घरं एका फेरीत जोडता येतात. दहा-पंधरा मिनिटांत देणाऱ्यांना ते जमत नाही. तिथे एक माणूस बहुधा एक-दोन ऑर्डर घेऊन निघतो. म्हणून ती गोदामं वस्तीच्या अगदी जवळ लागतात.

मग पैसे कोण देतं?

सॉण्डर्सचा सौदा आठवा. काम गिऱ्हाइकानं करायचं, बदल्यात भाव कमी. आता आपण ते काम परत दुकानाला दिलंय, पण भाव मात्र सुपरमार्केटचाच हवाय. काढणारा, बांधणारा, आणणारा, असे तीन पगार त्याच साखरेच्या पाकिटात बसवायचेत. किराण्यात मुळात नफा पातळ.

म्हणून तुम्हाला किमान ऑर्डरची अट दिसते. डिलिव्हरीचे पैसे, हाताळणीचे पैसे दिसतात. ॲपवर वरच्या जागी दिसण्यासाठी कंपन्या पैसे मोजतात. तीच ती डोळ्यांसमोरच्या कप्प्याची जुनी लढाई. सुरुवातीला बरेच दिवस गुंतवणूकदारांचा पैसाही खर्ची पडतो. अमेरिकेत वेबव्हॅन नावाच्या कंपनीनं १९९९ मध्ये सरकत्या पट्ट्यांची अवाढव्य गोदामं उभारून घरपोच किराणा सुरू केला. ऑर्डरी पुरेशा आल्या नाहीत आणि जुलै २००१ मध्ये कंपनी बंद पडली. कीडूझलसारखंच झालं. यंत्राचा खर्च रोजचा होता, गिऱ्हाइकांची गर्दी मात्र रोजची नव्हती. नंतर ब्रिटनच्या ओकाडोनं यंत्रमानवांची गोदामं उभी केली आणि चालवून दाखवली. तरी केळी किंवा अंडी नाजूकपणे उचलायला माणसाचा हात अजून लागतोच.

आणि यंत्र, गुंतवणूकदार दोन्ही नसतील तर? शेवटचा ताण माल आणणाऱ्याच्या मिळकतीवर येतो. पाऊस असो, ऊन असो, त्याला फेरीमागे पैसे. तुमची डिलिव्हरी फुकट दिसते तेव्हा ती कुणीतरी भरत असतं, एवढं ध्यानात असू द्या.

यावर आपल्याकडे एक वेगळं उत्तर आहे आणि ते मला फार आवडतं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं शेजारच्या काही कुटुंबांचे गट केले. सगळ्यांची महिन्याची मागणी आधीच घ्यायची, माल घाऊक घ्यायचा, गाडी गटातल्या एकाच घरी येणार आणि मग सभासद आपसात वाटून घेणार. दहा दारांऐवजी एक दार. शेवटच्या टप्प्याचा खर्च ॲपशिवाय कमी झाला, कारण थोडं काम लोकांनी मिळून उचललं. एका सोसायटीच्या ऑर्डरी एकाच स्लॉटमध्ये आणायचा आजच्या सेवांचा प्रयत्न असतो, त्यामागचं गणित हेच.

आपण यातून काय घ्यायचं?

मामांनी दुकान बंद केलं त्याला आता बरीच वर्षं झाली. सुपरमार्केटशी भावात त्यांना टिकता आलं नाही. पण सॉण्डर्सचं आयुष्य वाचल्यावर मला वाटतं, की कोपऱ्यावरच्या वाण्याचा डाव अजून संपलेला नाही. त्याच्याकडे गोदाम वस्तीतच आहे. पिकिंग दहा पावलांत होतं. रायडर म्हणजे दुकानातलाच मुलगा. गिऱ्हाइकाची आवड त्याला पाठ आहे. व्हॉट्सॲपवर यादी आणि यूपीआयवर पैसे घेतले की अर्धी यंत्रणा तयार. त्याच्याकडे कमी पडते ती साठ्याची नोंद आणि घाऊक खरेदीची ताकद. चार दुकानदार एकत्र आले तर तेही जमण्यासारखं आहे.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून? रोज एकेक वस्तू मागवण्यापेक्षा आठवड्याची यादी एकदम टाका. घाई नसेल तेव्हा मोठा स्लॉट घ्या. शेजाऱ्याची ऑर्डर त्याच वेळी असेल तर उत्तम. त्यानं तुमचे पैसे वाचतात आणि आणणाऱ्याच्या फेऱ्याही. सॉण्डर्सनं काउंटरमागचा माणूस हटवायला उभं आयुष्य घातलं. शंभरहून जास्त वर्षांनी तो माणूस परत आलाय, फक्त आता तो आपल्याला दिसत नाही. बिल बघताना त्याचा खर्च कुठल्या ओळीत लिहिलाय, हे एकदा नक्की शोधा.